भोंग्याचा पट्टा

५ जानेवारी, रविवार

ही डायरी कंपनीने दिली. दरवर्षी देतात आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. यंदा लिहायला घेतली, कारण आज मी सगळ्या कमिटीसमोर जे बोलले ते मला पुढे सोयीस्करपणे विसरायचं नाही.

आधी काय झालं ते. दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी साडेसातला भोंग्याला, माझ्या कुत्र्याला, घेऊन खाली उतरले. पार्किंगच्या वळणावर गिरजाबाई गिरणीतून दळण घेऊन येत होत्या. गिरजाबाई म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन आबाजी यांच्या पत्नी. कुत्रा त्यांच्या अंगावर गेला नाही, हे मी कुठेही सांगेन. तो डब्यावर गेला. पण डबा त्यांच्या कडेवर होता, तेव्हा फरक काय राहिला! दोरी मी मनगटाला गुंडाळलेली, त्यामुळे तो गेला तशी मीही गेले. त्या खाली, डबा खाली, कुत्रा पिठात आणि मी कुत्र्यावर. त्यांचं कोपर सोलवटलं, माझे दोन्ही गुडघे.

अकराला क्लबहाउसमध्ये बैठक बसली. आबाजी म्हणाले, "अंजलीताई, कुत्र्याशी आमचं वैर न्हाई. पर हिचं हाड मोडलं असतं तर आमी कुनाकडं जायचं?"

बरोबरच होतं. इथे लिहिते, कारण तिथे कबूल केलं नाही.

मग मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुमचं वजन किती आणि त्याचं किती?" सगळे हसले. माझं एकोणपन्नास, त्याचं छत्तीस. हसण्यासारखं काय आहे त्यात? तिथेच माझं टाळकं सरकलं. म्हटलं, कायद्याने तुम्हाला कुत्रा काढता येत नाही, पण मला कायद्याची मेहरबानी नको. नऊ फेब्रुवारीला, रविवारी, सगळ्यांसमोर सोसायटीला तीन फेऱ्या मारून दाखवते. पट्टा एकदा जरी ताणला तरी मी स्वतः त्याला, जिथून आणला त्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये, परत सोडून येईन.

आबाजींनी लगेच कागद केला. नऊ तारखेनंतर निकाल, तोपर्यंत कुत्रा आणि त्याच्याबरोबरचं माणूस सामानाच्या लिफ्टने आणि मागच्या गेटने जाणार. मी सही ठोकली. मागचं गेट तर मागचं गेट, मला काय फरक पडतो?

घरी येऊन आत्यांना सांगितलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कस्तुरा. भोंगा आल्यापासून त्यांचं एकच चालू आहे, "घरात जनावर नगं." आज त्यांनी एवढंच विचारलं, "मागलं गेट म्हंजी त्ये कचऱ्याच्या डब्याकडचं?" हो म्हटलं. मग जेवल्या नाहीत. कुत्र्यावरचा राग अजून गेलेला दिसत नाही.

६ जानेवारी, सोमवार

भोंग्याची हकीकत इथे असायला हवी. निघोज्याला एक वर्कशॉप बंद पडलं. मालक मशिनं घेऊन गेला, राखणीचा कुत्रा मात्र जुन्या कॉम्प्रेसरला साखळीने बांधलेला तसाच राहिला. किती दिवस, कोणालाच माहीत नाही. शेल्टरवाल्यांनी सोडवला तेव्हा गळ्याभोवती केस नव्हते. रंग विटकरी, छाती ही रुंद, आणि आसपासच्या कंपन्यांचा पाळीचा भोंगा वाजला की हाही मान वर करून सूर लावतो. म्हणून भोंगा. माझ्याआधी दोन घरांनी नेला आणि ओढतो म्हणून परत केला. शेल्टरच्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, तिसऱ्यांदा परत आला तर एवढ्या मोठ्या कुत्र्याला कोणी नेत नाही, मरेपर्यंत पिंजराच.

धम्मरत्नचा, माझ्या नवऱ्याचा, गुजरातमधल्या साणंदहून फोन. त्याची बदली होऊन दीड वर्ष झालं. म्हणाला, "अंजू, देऊन टाक ना परत." मी म्हटलं, "तुला कंपनीने तिकडे नेलं तेव्हा मी परत मागितलं का?"

खरं तर हा प्रश्न माझ्याच विषयातला आहे. महाळुंग्याला गाड्यांचे सीट बेल्ट बनवणाऱ्या कंपनीत मी दहा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर पट्टेच ओढून बघते. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर लाल शिक्का मारते. कुत्र्याला पट्टा निवडता आला नाही, तर माझ्या नोकरीला अर्थ काय?

९ जानेवारी, गुरुवार

आज सुट्टी. सगळ्यात मजबूत म्हणून चाकणच्या बाजारातून साखळी आणली. जाड, गुरांना वापरतात तसली. ती पिशवीतून काढली मात्र, भोंगा सोफ्याच्या मागे. मोठा कुत्रा, सोफ्याच्या मागे मावतही नाही, अर्धा बाहेर थरथरत होता. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. साखळी त्यांनी स्वतः उचलून पोत्यात घातली. घरात लोखंडाचा आवाज त्यांना आवडत नाही.

ही माझी पहिली चूक. याच सोमवारी स्वतःच्या हाताने 'साखळीने बांधलेला' असं लिहिलं आणि गुरुवारी साखळी आणली. शहाणीच की नाही मी.

११ जानेवारी, शनिवार

पहिली पाळी संपवून थेट वाकडला गेले. तिथलं प्राण्यांचं दुकान म्हणजे मॉलच. कुत्र्यांना रेनकोट, कुत्र्यांना बूट. विक्रेता म्हणाला, "मॅडम, स्ट्राँग डॉगला हा एक्स्ट्रा लार्ज घ्या." एक जाड नायलॉनचा पट्टा घेतला, हातात धरायला स्पंज लावलेला, आणि एक डबीत गुंडाळला जाणारा, बटन दाबलं की थांबतो तो. त्याला विचारलं, हे किती किलोला तुटतं? तो म्हणाला, "मॅडम, तुटत नाही." दहा वर्षांत 'तुटत नाही' हे उत्तर मी कोणाकडूनही घेतलेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पट्टे लॅबमधल्या ओढण्याच्या मशिनवर चढवले. नायलॉनच्या पट्ट्याचा हुक ब्याण्णव किलोला उघडला. डबीवाल्याची दोरी अठ्ठावन्नला सुटून आली आणि डबीचे दोन तुकडे झाले. भोंगा पळत जाऊन झटका देतो तेव्हा माझ्या अंदाजाने दीडशेच्या वर जात असेल. दोन्ही रिजेक्ट. शिक्का खरंच मारला. विक्की, आमचा लाइन सुपरवायझर, बघत होता. "ताई, हे पार्ट कुठल्या कस्टमरचं?" म्हटलं, कस्टमर फार कडक आहे. मशिन खासगी कामाला वापरली म्हणून नंतर तोंडी समज मिळाली. मिळू दे.

घरी आले तर आत्या त्यांच्या लोखंडी पेटीतून जुनी नवार काढून बसलेल्या. खाटेला विणतात ती, रुंद, सुताची. म्हटलं, कशाला काढलीत? "खाटंला," म्हणाल्या. खाट तर आम्ही पंधरा वर्षांपूर्वीच गावी सोडली. वय झालं की असं होतं. मी विषय वाढवला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

सापडलं! रात्रभर डोक्यात होतं आणि सकाळी चहा ओतता ओतता सापडलं. सीट बेल्ट. हळू ओढला की सैल सुटतो, झटका दिला की जागच्या जागी लॉक. भोंग्याला यापेक्षा वेगळं काय पाहिजे? शांत चाललास तर चाल, उडी मारलीस तर थांब. आणि पट्टी दोन टनाच्या वर टिकते. रोज हातात असून दिसलं नाही.

मोशी चौकाच्या अलीकडे अकबरभाईंचं सीट कव्हरचं दुकान आहे. मोडीत गेलेल्या गाड्यांचे बेल्ट त्यांच्याकडे पडलेले असतात. मी सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, बेल्ट देतो, शिवूनपण देतो. पण एक सांगा. गाडीत ह्याला बोल्टने बॉडीला कसतात. इथं बोल्ट कुठं लावायचा?"

"माझ्या हाताला," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. माझा हात बघितला आणि सुईत दोरा ओवायला लागले. चांगला माणूस आहे, पण इंजिनिअरिंग हा त्यांचा विषय नव्हे.

बेल्टच्या डबीत एक गोळी असते, गाडी कलंडली की ती सरकते आणि बेल्ट लॉक होतो. हातात धरल्यावर डबी कलंडणारच, म्हणून ती गोळी मी काढून टाकली. फक्त झटक्याचं लॉक ठेवलं. बाजूने त्यांनी चामड्याची मूठ शिवली. इतकं सुबक काम झालंय की पेटंट घ्यावं.

१९ जानेवारी, रविवार

तीन दिवस घरातल्या पॅसेजमध्ये आणि मागच्या गेटपर्यंत चाचणी. पट्टा उत्तम चालतो. झटका, खट, लॉक. भोंगा थांबून मागे बघतो, हे काय झालं म्हणून. आबाजी गॅलरीतून बघत होते. मी मुद्दाम दोनदा करून दाखवलं.

एक गोष्ट कळत नाही. दुपारची पाळी असते तेव्हा भोंगा दोन ते अकरा घरात कोंडलेला असतो. खरं तर मी आल्यावर त्याने दारावर उड्या मारायला हव्यात. तो मात्र पंजे पसरून गाढ झोपलेला. आत्यांना विचारलं, त्रास देतो का? "कुत्र्याला काय त्रास द्याचा आसतोय," म्हणाल्या. आणि त्यांनी फोन करून धम्मरत्नकडे चालायचे बूट मागितलेत. कुत्र्याच्या कटकटीला कंटाळून गावी जायचा विचार असावा. नऊ तारीख होऊ दे, मग समजूत काढीन.

२३ जानेवारी, गुरुवार

डाव्या हाताने. उजवं मनगट मोडलं.

२५ जानेवारी, शनिवार

अक्षर लहान मुलाचं येतंय. येऊ दे.

मागच्या गेटला कचऱ्याचे डबे आहेत. तिथून एक डुक्कर निघालं. भोंगा सुटला. पट्टा लॉक झाला, अगदी व्हायला हवा तसा. पट्टी तुटली नाही, शिलाई उसवली नाही, मूठ हातातून सुटली नाही. मीच गेले. चार फूट हवेत आणि मग हातावर. डॉक्टर म्हणाले बारीक तडा आहे, तीन आठवडे प्लास्टर. नऊ तारखेलाही ते हातात असणार.

अकबरभाईंचा बोल्ट आठवला. अख्खा दिवस आठवत होता. मी पट्टीचं बळ मोजलं, हुकाचं मोजलं, कुत्र्याचं मोजलं. दुसऱ्या टोकाला जी बाई होती तिला कोणी मशिनवर चढवलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आबाजी भेटायला आले. गिरजाबाईंनी डाळिंबं पाठवली होती. त्यांच्या कोपरावर अजून पांढरी पट्टी आहे म्हणे. "तारीख फुडं ढकलायची का, ताई?"

"नाही."

"हात ह्यो असा."

"दुसरा आहे."

ते गेल्यावर मी बाथरूमचा नळ सोडून रडले. भोंगा दाराबाहेर बसून होता. परत करायचा नाही. काही झालं तरी करायचा नाही. पण मग शब्दाचं काय? आजवर मी दिलेला शब्द कधी फिरवलेला नाही, नाक वर करून सांगते सगळ्यांना.

सध्या त्याला बाहेर कोण नेतं? आत्या म्हणाल्या, "वॉचमनला सांगितलंय, तू पड." वॉचमन भला माणूस निघाला. कुत्रा इतका शांत होऊन परत येतो की विचारायला हवं त्याला, कसं जमवतो.

३० जानेवारी, गुरुवार

आज दवाखान्यातून लवकर सुटले. रिक्षा पुढच्या गेटला थांबली आणि मी उतरता उतरता शहाळ्याच्या गाडीमागे लपले.

आत्या पुढच्या गेटमधून बाहेर पडत होत्या. नऊवारी, पायात पांढरे बूट, हात पाठीमागे बांधलेले, त्या हातांत नवार. नवारीच्या दुसऱ्या टोकाला भोंगा. मधल्या मध्ये नवार लोंबत होती. वॉचमनने उठून नमस्कार केला. रोजचा असावा, कारण आत्यांनी नुसती मान हलवली.

मी शहाळं न पिता अर्धा तास बघत होते. भोंगा पुढे सरसावला की आत्या थांबायच्या. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. रस्त्यापलीकडचं काहीतरी बघत, जणू बस यायची आहे. नवार ताणलेली राहायची. चार सेकंद, दहा सेकंद. मग तो मागे बघायचा, एक पाऊल मागे यायचा, नवार सैल पडायची आणि त्याच क्षणी आत्या चालायला लागायच्या. दहा पावलांवर पुन्हा तेच. त्यांना कुठे जायची घाईच नव्हती.

सत्तर वर्षांची बाई. वजन माझ्याहून कमी.

घरी गेल्यावर म्हटलं, "वॉचमन नेतो म्हणालात."

"मग काय सांगू? तुजी मशिनी चालली हुती, मधी कशी बोलू?" मग भोंग्याच्या कानामागे खाजवत म्हणाल्या, "आगं, ह्याला बांधून ठिवलेलं. गळ्याला ताण लागला की ह्याला वाटतंय अजून बांधलेलाच हाय. तू जितकी जाड दोरी आनशील तितका ह्यो वढणार. वासराचं बी तसंच आसतंय. वढलं की वढतंय."

मी म्हटलं, पण आत्या, पुढच्या गेटने? कागदावर काय लिहिलंय? तुमचे गुडघे दुखतात, सामानाच्या लिफ्टला एक तरी पायरी कमी आहे.

"गुडघ्याचं न्हाई त्ये," त्या म्हणाल्या. आणि मग, काही विशेष नसल्यासारखं, "निगडीच्या त्या बंगल्यात बावीस वर्सं मागल्या दारानं गेले. माजा कप बी तितंच, कोनाड्यात, निराळा. आता माज्या लेकाच्या घरात ऱ्हाती. मी मागल्या दारानं जानार न्हाई. एकली बी न्हाई आन् कुत्र्यासंगं बी न्हाई."

३१ जानेवारी, शुक्रवार

झोप लागली नाही. त्या बंगल्यात काम करायच्या हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत. त्या घरातल्या मुलाला कडेवर घेतलेला त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. दार कुठलं, हे मी कधी विचारलं नाही. आणि पाच तारखेला फुशारकीच्या भरात सही करून मी त्यांना पुन्हा तिथेच नेऊन उभं केलं. 'कुत्रा आणि त्याच्याबरोबरचं माणूस.' वाचलं होतं मी ते. वाचूनच सही केली. मला माझी लाज वाटते आणि त्याहून जास्त राग येतोय.

१ फेब्रुवारी, शनिवार

आत्या आणि मी अकबरभाईंकडे. सीट बेल्टचा मीच विषय काढला, ते काढणार नव्हते. "हात कसा आहे?" एवढंच विचारलं.

आत्यांनी नवार शिलाई मशिनवर टाकली. लांबी सहा फूट, जास्त नाही, कमी नाही. जास्त असली तर कुत्रा पळत वेग घेतो, कमी असली तर कायम ताण. नायलॉन नको, घामाने निसटतं आणि ओढलं तर तळव्याला चटका बसतो. मुठीची कडी मोठी, पूर्ण पंजा आत-बाहेर होईल अशी, मनगटाला गुंडाळायची गरजच नाही. गळ्याला काही अडकवायचंच नाही. अकबरभाईंनी छातीवरून आणि पोटाखालून जाणारा अंगपट्टा शिवला, आतून जुन्या सीटचा मऊ फोम, आणि कडी छातीवर पुढे. तो ओढायला गेला की कडी त्याला आपल्याकडेच वळवते. जोडाच्या ठिकाणी शिलाईचा चौकोन आणि चौकोनात फुली, चार वेळा.

"मजबुती बघायची का ताई, तुमच्या ओढायच्या मशिनवर?" त्यांनी विचारलं.

खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला. नको म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मला जमत नाही. भोंगा पुढे गेला की माझा हात आपोआप मागे खेचतो. आत्या बाकावरून ओरडतात, "सोड! हात सोड! थांब नुसती!" थांबणं हे कसलं अवघड काम आहे. पंधरा मिनिटांत मी चाळीस पावलं चालले. शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या बायका बघत होत्या. बघू देत.

पुढच्या गेटने गेले, पुढच्या गेटने आले. लिफ्टमध्ये एक जण चढला नाही, म्हणाला, तुम्ही जा पुढे. गेले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पाऊण तासात भोंग्याने फक्त नऊ वेळा पट्टा ताणला. मोजले. आत्या म्हणतात मोजू नकोस. नऊ म्हणजे अजून नऊ जास्त आहेत.

सोसायटीच्या ग्रुपवर आबाजींचा मेसेज, रविवारी आठ वाजता सर्वांनी यावे. आणि खाली, मागच्या गेटचा नियम पाळला जात नाही असे निदर्शनास आले आहे. मी अंगठा दाखवणारं चित्र टाकलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

चार वेळा ताणला. धम्मरत्नला सांगितलं, उद्या एकदा जरी ताणला तरी संपलं. तो म्हणाला, "मग तू काय करणार?" मी म्हटलं, शब्द दिलाय. तो म्हणाला, "आईला विचार." आत्यांना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. "शब्द तुजा हाय, तू बघ," म्हणाल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

आठला आम्ही तिघं पुढच्या लिफ्टने खाली उतरलो. झेंड्याच्या खांबापाशी खुर्च्या मांडलेल्या, वीस-पंचवीस माणसं. आबाजी म्हणाले, "ताई, सामानाची लिफ्ट ठरली हुती."

"सामान असेल तेव्हा वापरीन," मी म्हटलं.

पहिली फेरी. नवार लोंबत होती. माझं सगळं लक्ष डाव्या हातात, तो मेल्यासारखा सैल ठेवला होता. दुसरी फेरी. एक डिलिव्हरीवाला अगदी जवळून गेला. भोंग्याने बघितलं, नवार हलली, ताणली नाही. खुर्च्यांमधून कोणीतरी "व्वा" म्हणालं. तिसऱ्या फेरीत वळण पार केलं. वीस पावलं राहिली होती. तेवढ्यात गेटमधून पाण्याचा टँकर आत आला आणि आमच्या शेजारीच ड्रायव्हरने एअर ब्रेक मारला. ती मोठी फुस्स!

भोंगा उडाला. नवार ताणली. अगदी सरळ, सगळ्यांना दिसेल अशी. मी ओढलं नाही. थांबले. एक, दोन, तीन. भोंगा वळला, माझ्याकडे आला आणि माझ्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. नवार जमिनीवर पडली.

मग आबाजी म्हणाले, "ताणला."

वाईट वाटून म्हणाले, हे लिहायला हवं. त्यांना आनंद झालेला नव्हता. खिशातून त्यांनी तो कागद काढला.

दहा वर्षं मी अर्ध्या मिलिमीटरसाठी माल परत पाठवते. त्या आवारात नियम माझ्याइतका कोणालाच कळत नव्हता. मी म्हटलं, "हो, ताणला. मीपण बघितला. आणि भोंगा कुठेही जाणार नाही."

एकदम गलका. "लिहून दिलंय तुम्ही!" "शब्द दिला होता!" कोणीतरी निर्लज्ज म्हणालं, बहुधा वजन विचारणाराच.

"दिला होता, आता मोडते," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा आला की भोंग्याने वर बघितलं. "पट्टा एकदाही ताणणार नाही, असं लिहून देणारी मूर्ख मी. न ताणणाऱ्या कुत्र्याला पट्टा कशाला लागतो? ताणला तर माणूस पडू नये आणि कुत्रा परत यावा, यासाठी असतो पट्टा. मी पडले नाही, तो परत आला. गिरजाबाईंची माफी मी महिनाभर मागितली नाही, ती आज मागते. चुकलं माझं, दोरी चुकीची होती आणि हात त्याहून चुकीचा. पण ज्या कागदात माझ्या घरच्या माणसाला मागच्या गेटने जायला सांगितलंय, त्यावर मी सही करायला नको होती. ती सही मी परत घेते. काय करायचं ते करा."

आबाजी कागद हातात घेऊन उभे. "अंजलीताई, असं कसं चालंल? उद्या समदीच म्हनतील सही माघारी घ्येतो."

तेव्हा गिरजाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "आवं, पर त्ये माघारी आलं की! टँकरवाल्यानं मलाबी दचकीवलं. तुमच्या लेकाला धा येळा हाक मारली तरी यीत न्हाई, ह्ये न बोलवता आलं." दोन-चार जण हसले. आबाजी हसले नाहीत. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, फाडला नाही. "सोमवारी मीटिंग घिऊ," म्हणाले.

घ्या. सोमवारीही मी हेच बोलणार आहे.

आत्या इतका वेळ खांबाजवळ उभ्या होत्या. त्या आल्या, "दे हिकडं," म्हणाल्या, माझ्या हातातून नवार घेतली आणि भोंग्याला घेऊन सरळ पुढच्या गेटकडे निघाल्या. टँकर आत आल्यावर वॉचमनने गेट लावून घेतलं होतं. त्याने आत्यांकडे बघितलं, मग आबाजींकडे. रोज उठून नमस्कार करणारा माणूस, आज जागचा हलेना. आत्या गेटसमोर थांबल्या. त्याला काही म्हणाल्या नाहीत, त्याच्याकडे बघितलंही नाही. रस्त्यापलीकडचं काहीतरी बघत राहिल्या, जणू बस यायची आहे. भोंगा शेजारी बसला. आम्ही सगळे मागे उभे.

बऱ्याच वेळाने वॉचमन उठला आणि त्याने बाजूचं छोटं दार उघडलं. आत्या हलल्या नाहीत.

मग त्याने मोठं गेट उघडलं.